वाचकांचे प्रश्न : लेकराचा श्वास अडतो तेव्हा

मागच्या अंकात मुलांच्या खोकल्यावर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते : ‘मोठ्या माणसाचं हृदय आधी थांबतं, मुलाचं सगळ्यात शेवटी.’ त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले, की हे सदर या वेळी त्यांनाच देऊन टाकलं आहे. मी पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, आयुष्य घालवलेली बाई आहे. उत्तरं रोखठोक वाटली तर राग मानू नका. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वजनावर ठरतात, मासिकावर नाही.

माझा नातू सव्वा वर्षाचा. चटणीसाठी दाणे भाजून परातीत गार करायला ठेवले होते, त्यानं मूठ भरून तोंडात घातली. ठसका लागला, डोळे पांढरे केले. मुलानं घशात बोट घातलं. शेजारच्या भाऊंनी पाय धरून उलटं टांगलं नि पाठीत धपके घातले. दोन दाणे पडले, पोर रडायला लागलं. दवाखान्यात एक्स-रे काढला, ‘काही नाही’ म्हणाले. पण दोन आठवडे झाले, खोकला हटत नाही. सगळे म्हणतात हवा बदलली. – एक आजी, कराड

आजी, हवेला दोष देऊ नका. हे वाचून झालं की नातवाला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि पहिलं वाक्य हेच बोला : ‘दाणे खाताना ठसका लागला होता, तेव्हापासून खोकला आहे.’ नुसतं ‘खोकला आहे’ म्हणालात तर सिरपची बाटली घेऊन घरी याल. नाणं एक्स-रेत लख्ख दिसतं; शेंगदाणा, हरभरा, खोबऱ्याचा तुकडा दिसत नाही. म्हणून स्वच्छ एक्स-रेवर विसंबून चालत नाही. दाण्याची एखादी फाक श्वासनळीच्या फांदीत, बहुतेक वेळा उजव्या, जाऊन बसते. दाण्यातल्या तेलानं तिथला भाग सुजतो, कफ साठतो, मग न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी दोन्हीकडे स्टेथोस्कोप लावला की एका बाजूला हवा कमी जाते किंवा शिट्टी वाजते हे कळतं. कधी कधी तेही कळत नाही. शंका पक्की असेल तर भूल देऊन दुर्बीण घालतात आणि फाक चिमट्यानं काढतात. भुलीचं नाव ऐकून घाबरू नका. आत राहिलेला दाणा जास्त घातक.

आता त्या दिवशी जे झालं त्याबद्दल. भाऊंचे पाठीतले धपके बरोबर होते, उलटं टांगणं चूक आणि घशातलं बोट सगळ्यात वाईट. न दिसणारी वस्तू बोटानं चाचपली की ती आणखी आत सरकते.

पहिल्यांदा पोराकडे बघा. जोरात खोकतंय, रडतंय, आवाज येतोय? मग हात लावू नका. त्याच्या खोकल्याइतका जोर तुमच्या हातात नाही. खाली वाकून खोकू द्या, पाणी पाजू नका, केळ्याचा घास भरवू नका. खरी भीती आवाज बंद झाला की असते. तोंड उघडं, छाती आत ओढली जातेय, पण ना रडू ना खोकला, ओठ निळसर. आपल्याकडे अशा वेळी घर आरडाओरड करतं आणि मूल या हातातून त्या हातात जातं. एकानंच धरायचं. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आपल्या हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांनी सांभाळलेला. दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं 5 धपके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, तळहाताच्या टाचेनंच 5 वेळा दाबायचं. पुन्हा धपके, पुन्हा छाती. इतक्या लहान बाळाचं पोट दाबायचं नाही. यकृत फाटू शकतं.

तुमचा नातू वर्षावरचा, म्हणून त्याला पुढे वाकवून 5 धपके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे 5 झटके. त्याच्या उंचीला यायला तुम्हाला गुडघ्यावर बसावं लागेल. बेशुद्ध झालाच तर जमिनीवर निजवा, 108 लावा आणि पुढच्या उत्तरात सांगितलंय ते सुरू करा. प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात डोकावा, दाणा दिसला तरच काढा.

आणि ती परात. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा दाणा, फुटाणा, सुपारीचा तुकडा द्यायचा नाही. कूट करून द्या, लाडू द्या. दाणे भाजायचे त्या दिवशी परात ओट्यावर, भिंतीला लागून.

आमच्या केंद्रातल्या शिक्षकांना सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवण्याचं, प्रशिक्षण दिलं. ‘नुसती छाती दाबत राहा, तोंडानं श्वास द्यायची गरज नाही’ असं शिकवलं. मागच्या अंकातल्या त्या वाक्यातून तुम्ही वेगळंच सुचवता. विचारायचं कारण, उन्हाळ्यात आमच्याच वस्तीवर सात वर्षांचा मुलगा शेततळ्यात घसरला. बाहेर काढल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर पालथा घेऊन गरागरा फिरवला, पोट दाबून पाणी काढलं. तो वाचला नाही. – एक शिक्षिका, सिन्नर तालुका

ताई, तुम्हाला शिकवलं ते चुकीचं नाही, पण ते पन्नाशीच्या सासऱ्यांसाठी आहे. हृदयविकाराच्या झटक्यानं मोठा माणूस कोसळतो तेव्हा क्षणापूर्वीपर्यंत तो नीट श्वास घेत असतो. रक्तात प्राणवायू असतो, फक्त पंप बंद पडलेला असतो. म्हणून पहिली काही मिनिटं नुसतं दाबलं तरी चालतं. मुलाचं हृदय बहुधा निरोगी असतं. ते थांबतं ते श्वास आधी थांबल्यामुळे : बुडणं, घशात अडकणं, न्यूमोनिया, फिट, किंवा जुलाब आणि डेंग्यूत रक्ताभिसरण कोलमडणं. हृदय थांबेपर्यंत रक्तातला प्राणवायू संपलेला असतो. तेव्हा नुसती छाती दाबणं म्हणजे विहीर कोरडी पडल्यावर मोटर चालू ठेवणं.

म्हणून मुलांत दाब आणि श्वास दोन्ही. एकटे असाल तर 30 दाब आणि 2 श्वास, दोघं असाल तर 15 आणि 2. वेग मिनिटाला 100 ते 120. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. तान्ह्या बाळात सुमारे 4 सेंटिमीटर, मोठ्या मुलात 5. लोक हळू आणि वरवर दाबतात, मुलाला दुखेल म्हणून. ताई, त्याला दुखत नाही. बरगडी मोडली तरी जुळते. तान्ह्या बाळाला दोन बोटांनी दाबायचं असं आम्ही पूर्वी शिकवत असू. दाब पुरेसा खोल जात नाही म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2025च्या सूचनांत ती पद्धत काढूनच टाकली. आता छातीभोवती दोन्ही हात घालून दोन अंगठ्यांनी, नाहीतर एका तळहाताच्या टाचेनं. जुनं पोस्टर तुमच्या शाळेत लावलेलं असेल तर उतरवा.

श्वास देण्याबद्दल एकच गोष्ट नीट दाखवते, कारण बाहुलीवर हात बसलेल्या नर्सचंही इथे चुकतं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. सपाट जमिनीवर निजवलं की मागचा फुगीर भाग डोक्याला पुढे ढकलतो, हनुवटी छातीला टेकते आणि नळी दुमडते. मग कितीही फुंका, छाती हलत नाही. दोन घड्या घातलेला टॉवेल खांद्यांखाली सरकवा, नाक आढ्याकडे येऊ द्या. मान फार मागे ताणू नका, तीही नळी बंद करते. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडात घ्या. तुमच्या गालात मावेल एवढीच हवा, एक सेकंदभर. छाती उचलली की पुरे. सात वर्षांच्या मुलाचं नाक चिमटीत धरून तोंडावाटे.

शेततळ्याचं ऐकून वाईट वाटलं, आणि रागही आला. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं म्हणजे घसरगुंडी. पोहणाऱ्या माणसालाही वर यायला पकड मिळत नाही. काठाला खुंटीनं बांधलेला दोर आत सोडून ठेवणं आणि भोवती कुंपण, यांचा खर्च कागदाच्या मानानं किरकोळ आहे. बुडालेल्या मुलाच्या पोटातलं पाणी काढण्यात काही अर्थ नाही. जीव पोटातल्या पाण्यानं जात नाही, फुप्फुसात हवा न गेल्यानं जातो. पोट दाबलं की उलटी होते आणि ती श्वासनळीत उतरते. गरागरा फिरवण्यात जातात तीच मिनिटं मेंदूची असतात. बुडालेल्यात सुरुवात आधी श्वासानं करा, मग दाब. युरोपात मुलांना एरवीही आधी 5 श्वास देतात, अमेरिकी पद्धतीत एरवी दाबांनी सुरुवात होते. बुडालेल्याला आधी श्वास, यावर दोघांचं एकमत आहे. मूल हललं, रडलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसाला सूज काही तासांनीही येते.

माझी मुलगी पाच वर्षांची. डेंग्यू झाला. ताप उतरला म्हणून आम्ही निर्धास्त होतो, त्याच रात्री हातपाय गार पडले. खासगी हॉस्पिटलात शीर सापडेना म्हणून पायाच्या हाडात सुई ठोकली, नंतर व्हेंटिलेटर लावला. मला सही घेऊन बाहेर काढलं. मुलगी वाचली, देवाची कृपा. पण हाड भोसकायची खरंच गरज होती का? आणि व्हेंटिलेटर बिल फुगवायला लावतात असं सगळेच म्हणतात. – एक वडील, सांगली जिल्हा

दादा, हाडाची सुई हे त्या रात्री त्यांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम असावं. मूल शॉकमध्ये गेलं, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण कोलमडलं, की शिरा दोऱ्यासारख्या होतात. चारचार जण हाताला, पायाला, डोक्याला टोचत बसतात आणि अर्धा तास जातो. हाडाच्या आत मज्जेची पोकळी असते, ती कधी मिटत नाही. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या आतल्या सपाट बाजूला सुई फिरवत आत घातली की एकदम प्रतिकार सुटल्याचं हाताला कळतं. तिथून दिलेलं औषध काही सेकंदांत हृदयाशी पोचतं. शिरेतून देता येतं ते जवळपास सगळं तिथून देता येतं : सलाइन, रक्त, अॅड्रिनॅलिन. नंतर नीट शीर मिळाली की सुई काढतात, शक्यतो दिवसभरातच. भोक भरून येतं, पायाची वाढ अडत नाही. क्वचित जंतुसंसर्ग होतो. तिथे लाली, सूज आली तर दाखवा, एवढंच.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच घात होतो. केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं. पोटदुखी, सारख्या उलट्या, सुस्ती, गार हातपाय, सहा तास लघवी नाही, हे सगळं प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. पण आपल्याकडे आख्खं घर रिपोर्टातला तो एक आकडा धरून बसतं आणि पपईच्या पानांचा रस शोधत फिरतं. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागले आणि हात गारही असला, तर रिपोर्टची वाट बघू नका.

सलाइन किती द्यायचं हेही हिशेबाचं काम आहे. 2011 साली केनिया, युगांडा आणि टांझानियात तीन हजारांहून अधिक तापानं गंभीर झालेल्या मुलांवर मोठा अभ्यास झाला. जिथे पीआयसीयू नव्हतं तिथे भराभर सलाइन दिलेली मुलं जास्त दगावली. आम्हा सगळ्यांची झोप उडाली होती. डेंग्यूचा शॉक वेगळा, त्यात सलाइन लागतंच, पण तेव्हापासून प्रत्येक बाटलीनंतर यकृत चाचपायचं, छाती ऐकायची, मगच पुढची, ही सवय लागली. तुमच्या मुलीच्या फुप्फुसाभोवती पाणी साठलं असेल, श्वासाचे कष्ट वाढले असतील, म्हणून व्हेंटिलेटर. ते यंत्र आजार बरा करत नाही. दमलेल्या पोराचं श्वास घेण्याचं काम काही दिवस आपल्याकडे घेतं. त्यावरून उतरून शाळेत गेलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. बिलं फुगवणारे नसतातच असं मी म्हणणार नाही. रोज एक प्रश्न विचारत जा : ‘आज व्हेंटिलेटर किती कमी केला, आणि नसेल तर का?’ नीट काम करणारा डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. दाखल होतानाच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा.

एका बाबतीत तुमची तक्रार मला पटते. तुम्हाला बाहेर काढायला नको होतं. पुनरुज्जीवनाच्या वेळी आईवडिलांना थांबायचं असेल तर थांबू द्यावं, सोबत समजावून सांगणारी एक सिस्टर द्यावी, असं मार्गदर्शक सूचना कधीपासून सांगताहेत. आपल्याकडे दार लावून घ्यायची सवय आहे. डॉक्टरांना मारहाणीची भीती वाटते, हेही खरं. तरीही मी पलंगाच्या पायथ्याशी आईसाठी स्टूल ठेवायला सांगायचे. आपल्यासाठी सगळं केलं गेलं हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस सहसा हात उगारत नाही.

आकडी आली की कांदा हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. चालतं का? – एक वाचक, परभणी

नाही, नाही. चपलाही नाही. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापामुळे येणारी आकडी बहुधा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. पाच मिनिटं उलटली तर दवाखाना. आधी कधी आली असेल तर आकडी थांबवणारा, नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कोणी किती वेळा मारायचा ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कोकणात राहतो. विंचू चावलेल्या पोराला इंजेक्शन महत्त्वाचं की गोळी? गावात अजून मंत्र घालतात. – एक वाचक, पोलादपूर

तुम्ही तर विंचवावरच्या उपचाराच्या माहेरघरात आहात. लाल विंचवाच्या विषानं मुलांना दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे पडतात, मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येतो. तुमच्याच शेजारच्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरली, ते ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, आणि ज्या दंशानं मुलं सर्रास दगावत त्यातली बहुतेक वाचू लागली. 2022मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे प्रतिविषाच्या इंजेक्शनसोबत गोळी दिली तर मुलं लवकर सावरतात हेही त्यांनी दाखवलं. दोन्ही मिळाली तर दोन्ही, नाहीतर गोळी आणि ताबडतोब. प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. गोळी दिल्यावर पोराला उभं धरून कडेवर घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरतो. आडवंच न्यायचं. मांत्रिकाला हवं तर गाडीत सोबत घ्या.

ग्रामपंचायतीत सदस्य आहे. गणेश मंडळाची 50 हजारांची शिल्लक आरोग्य केंद्राला द्यायची ठरवली आहे. मुलांसाठी छोटा व्हेंटिलेटर घ्यावा असं एकानं सुचवलं. – एक वाचक, जुन्नर तालुका

नका घेऊ. प्लॅस्टिकच्या वेष्टणात कोपऱ्यात उभी असलेली यंत्रं मी आरोग्य केंद्रांमधून फार पाहिली. चालवणारा माणूस रात्री दोन वाजता तिथे हवा, नाहीतर ते शोभेचं.

त्या पैशांत अंबू बॅग घ्या, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी. तिला वीज लागत नाही. नवजात बाळाची साधारण 250 मिलीची, लहान मुलाची 500ची, आणि मास्क 0 पासून 3 पर्यंत सगळ्या मापांचे. मोठ्यांची बॅग बाळाला लावली की जास्त जोरानं फुप्फुस फुटू शकतं. पल्स ऑक्सिमीटर लहान मुलाच्या प्रोबसकट. मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटाला बसत नाही आणि खोटा आकडा दाखवतो. तोंडातला कफ, उलटी ओढून काढणारं सक्शन मशीन, पायानं चालणारं मिळालं तर उत्तम. हाडात घालायच्या दोन-चार सुया. भिंतीवर लावायला वजनानुसार औषधांचा मोठ्या अक्षरांतला तक्ता. मुलाची लांबी मोजून वजन आणि डोस सांगणारी रंगीत टेप 1980च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. ब्रोसेलो यांनी काढली. कल्पना झकास, पण आपल्या सडपातळ मुलांचं वजन ती जास्त सांगते, म्हणून साधा वजनकाटा दाराशी ठेवलेला बरा.

उरलेल्या पैशांत सरावाची बाहुली घ्या, एक बाळाची, एक मोठ्या मुलाची. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शाखांतर्फे मूलभूत जीवरक्षणाचे वर्ग होतात. पुण्याच्या शाखेला पत्र लिहा. डॉक्टर, सिस्टर, आशाताई, 108चा चालक, सगळ्यांना एकत्र बसवा. 108 आली 2014 साली, 937 गाड्या घेऊन. त्यांतल्या 233 अॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे जास्त सुसज्ज, बाकी बेसिक. तुमच्या भागात कुठली उभी असते आणि तिच्यात मुलांचे मास्क आहेत का, हे एकदा स्वतः आत चढून बघा. फोन करताना ‘मूल आहे, श्वास घेत नाही, वय इतकं’ हे आधी सांगायचं, पत्ता त्याच्या लगेच पाठोपाठ.

हे सगळं एका ट्रेमध्ये ठेवा. मास्कचं रबर कडक झालंय का ते दर महिन्याला दाबून बघायचं काम एका नावावर लिहून द्या. आणि त्या कपाटाला कुलूप नको. आमच्या एका ठिकाणी चावी असायची ती सिस्टर नेमकी रजेवर असे.